स्वतःचा वाटा, टक्क्यांत

१२ मार्च

माझ्या कामात माझं स्वतःचं किती, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. अर्जाला मात्र ते टक्क्यांत हवं आहे.

आज सकाळी प्रोफेसर ब्रेडो यांनी मला खोलीत बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत, नुसता एक कागद पुढे सरकवला. प्लाझ्मा विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या उत्तम प्रबंधाला आमचं मंडळ दोन वर्षांतून एकदा पुरस्कार देतं, त्यासाठी त्या माझं नाव पाठवणार आहेत. पंधरा एप्रिलच्या आत, सातवा रकाना नीट वाचा, एवढंच बोलल्या. मी आभार मानेपर्यंत त्यांनी फोन उचललाही होता. बाईंचं माझ्याबद्दल फारसं चांगलं मत नसावं, असं मला चार वर्षं वाटत आलंय. यंदा दुसरं कुणी नसेल, म्हणून मी.

पुरस्कार म्हणजे नुसतं मानपत्र नाही. ज्याला मिळतो त्याला तीन वर्षं स्वतःचा छोटा गट मिळतो: एक प्रयोगशाळा आणि आपल्या पसंतीच्या एका माणसाची नेमणूक. माझा करार तीस सप्टेंबरला संपतो. त्यानंतर इथे माझ्यासाठी जागा नाही. मग एखाद्या कारखान्यात दिवे तपासायला जायचं. त्यात कमीपणा काही नाही, पण मला हेच काम करायचं आहे. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिली. चढून परत उतरायचं, हे आईबाबांना कसं सांगू?

सातवा रकाना असा आहे: 'प्रबंधातील स्वतःचा वाटा, टक्क्यांत. इतरांचा सहभाग असल्यास नाव, पदवी व टक्के. एकूण: १००.' मी पेन्सिलनं ९५ लिहिलं, खोडलं. ९० लिहिलं, खोडलं. कागद तिथे मळका झालाय.

१३ मार्च

अर्जात दहा ओळी 'सामान्य वाचकाला समजेल असं' लिहायचं आहे. इथेच करून बघते.

वायूला पुरेशी वीज दिली की तो उजळतो. त्या उजळलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. आम्ही तो क्वार्ट्झ काचेच्या बंद नळीत पेटवतो. अशा नळीच्या उजेडानं हवा आणि पाणी निर्जंतुक करता येतं. पण आमच्या नळ्या चाळीस तासांनी थरथरायला लागायच्या आणि विझायच्या. का, ते दहा वर्षं कुणाला सापडलं नव्हतं. माझ्या प्रबंधात ते कारण आहे. क्वार्ट्झ हायड्रोजनच्या ज्योतीवर जोडतात. ती ज्योत जळताना पाणी तयार होतं आणि तापलेली काच त्यातलं थोडंसं पिते. पुढे जोडाजवळून ते हळूहळू नळीत उतरतं आणि प्लाझ्माला मारतं. नळीचा जोड प्लाझ्मापासून लांब नेला, आणि नळी तीन दिवस निर्वात भट्टीत भाजली, तर ती टिकते. प्रबंध दिला तेव्हा आमची नळी अकराशे तास जळत होती. आज तीन हजार आठशेच्या पुढे गेली आहे. अजून जळतेय.

वाचून बघितलं. यात हेर थीडे कुठेच नाहीत.

हेर, म्हणजे श्रीयुत, व्हिल्को थीडे आमचे काचकारागीर. एक्केचाळीस वर्षं तळघरातल्या कार्यशाळेत आहेत. माझ्यासाठी त्यांनी चौसष्ट नळ्या केल्या आणि त्यातल्या त्रेसष्ट मी मारल्या. ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात, संचालकांना आणि झाडूवाल्यालाही. फक्त काचेला 'तू' म्हणतात.

२० मार्च

तळघरात गेले होते, टक्क्यांबद्दल विचारायला. हेर थीडे लेथवर होते, काळा चष्मा लावून. नळी फिरत होती. रबरी नळीचं टोक ओठांत धरून ते एवढीशी फुंकर घालत होते, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर घालावी तशी. "ये, घाई करू नकोस," हे काचेला. मी दारात उभी राहिले. दोन नळ्यांची पांढरी तापलेली तोंडं एकमेकांत मिसळली आणि जोड कुठे आहे ते दिसेनासं झालं. हे मी शंभर वेळा पाहिलंय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो. मला तीन दशांशांपर्यंत मोजता येतं. त्यांना नुसत्या ज्योतीच्या आवाजावरून कळतं.

चष्मा काढून म्हणाले, "बोला, फ्राउ डॉक्टर." माझी पदवी झाल्यापासून ते असंच, 'डॉक्टरबाई', म्हणतात, चिडवायला.

मी पुरस्काराचं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मग मी विचारलं, तुमचा वाटा किती लिहू? ते बर्नरची तोटी पुसत राहिले. मग म्हणाले, जुलैनंतर हायड्रोजनच्या बाटल्यांची मागणी कोण नोंदवणार, ते जरा वर विचारून बघाल का? आणि मोठ्या लेथचा पट्टा बदलायला झालाय, तोही आताच बदललेला बरा.

ते एकतीस जुलैला निवृत्त होताहेत. मी त्यांच्या मानाबद्दल बोलत होते आणि ते पट्ट्याबद्दल. वय झालं की माणूस सामानसुमानातच अडकतो बहुधा.

२९ मार्च, वोल्गास्ट

घरी आले आहे. आईनं बेकरीतून उरलेला खसखशीचा केक आणला होता. मी सातव्या रकान्याची गोष्ट काढली.

"अगं, लिही की सरळ शंभर," आई म्हणाली. "कोण बघायला येणार आहे? मी केक विकते, भाजणारा दुसराच असतो. पण गिऱ्हाईक 'तुमचा केक छान होता' मलाच म्हणतं. मी काय नाही म्हणते?"

"नाही म्हणायला हवं," बाबा म्हणाले. मान वर केली नाही, सफरचंद सोलत होते.

"तू गप बस. तीस वर्षं पूल वरखाली केलास, तुला विचारलं का कुणी?"

"नाही विचारलं. म्हणूनच सांगतोय."

बाबा पेने नदीवरचा पूल चालवतात. शिडाची जहाजं आली की रस्ता थांबवून पूल उचलायचा. जहाजावरची माणसं कप्तानाच्या शेजारी उभी राहून किनाऱ्याला हात करतात. बाबांची खोली वर, काचेआड. तिकडे कुणी बघत नाही.

निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, नळीचे किती झाले? चार हजार एकशे शहाण्णव, मी म्हणाले. त्यांनी तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच्या चौकोनात लिहिला. नोव्हेंबरपासून दर रविवारी लिहितात. पुलाच्या नोंदी ठेवायची सवय, दुसरं काय.

२ एप्रिल

आज वाईट वाटतंय. नीट लिहून काढते.

जेवणाच्या सुट्टीत एन्नोबरोबर बसले होते, वाटाण्याचं सूप होतं. एन्नो आता संस्थेचे संगणक सांभाळतो, पण सात वर्षांपूर्वी माझाच विषय त्याच्याकडे होता. नळ्या विझत राहिल्या आणि त्यानं तो सोडला. मी टक्क्यांचं रडगाणं गायला लागले, तर म्हणाला, "तुला त्यानं तो प्रश्न विचारला का गं?"

कुठला प्रश्न?

"थरथर नेहमी जोडाजवळूनच सुरू होते का." त्यानं थीडेंचा संथ आवाज हुबेहूब काढला. "मला विचारला होता. माझ्या आधी त्या डेन मुलाला, त्याच्याही आधी कुणा बाईला. मी काय उत्तर दिलं सांगू? म्हटलं, हेर थीडे, तुम्ही काच बघा, प्लाझ्मा मी बघतो." मग तो बराच वेळ सूप ढवळत बसला. "आता मी दोन्ही बघत नाही," म्हणाला.

वर येऊन मी प्रयोगवही काढली. अडीच वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. माझ्याच अक्षरात: 'नळी २१ आणायला खाली गेले. हेर थीडे यांनी विचारलं, थरथर नेहमी जोडाजवळून सुरू होते का. माहीत नाही म्हटलं.' आणि त्याखाली, त्याच दिवशी संध्याकाळी, दोनदा अधोरेखित: 'सुचलं! जोडाजवळची भिंत तपासायची.'

सुचलं, असं मी लिहिलंय. दोन ओळींमध्ये बोटभरही अंतर नाही, आणि मला ते दिसलं नव्हतं.

तोंडात मारल्यासारखं झालं.

७ एप्रिल

ईस्टरची सुट्टी संपली. सकाळीच तळघरात गेले आणि विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?

त्यांनी ज्योत बंद केली. सहसा कुणासाठी करत नाहीत.

"कुठून, ते माहीत होतं," म्हणाले. "का, ते नव्हतं. चौघांना विचारलं. विचारायला पदवी लागत नाही."

मग सरळ सांगितलं का नाही?

"काय सांगणार? मला वाटायचं, माझाच हात खराब आहे. नळी जोडाशी मरते, जोड मी केलाय. दहा वर्षं मी समजत होतो की थीडेला क्वार्ट्झ जमत नाही. तरी लोक नळ्या मागायचे, म्हणून करत होतो." मेजाच्या खणातून त्यांनी माझा प्रबंध काढला. चौथ्या प्रकरणाची पानं बोटांनी काळवंडली होती, ओळींमध्ये पेन्सिलनं बारीक अर्थ लिहिलेले. मी तो इंग्रजीत लिहिलाय. ते पूर्व जर्मनीच्या काळात शाळेत रशियन शिकलेले. "दोन महिने लागले. पण कळलं. हात नाही, ज्योत."

प्रबंधाच्या परीक्षकांनीसुद्धा चौथं प्रकरण असं वाचलं नसेल.

मी म्हणाले, मी पंचेचाळीस टक्के तुमचे लिहिणार. त्यांनी हात झटकला. माझं नाव घातलंत तर मला ल्यूबेकला समारंभाला यावं लागेल, सूट शिवावा लागेल, बायको नवे पडदेसुद्धा मागेल, म्हणाले. मग भट्टीकडे बघत म्हणाले, ही नीट ठेवली तर अजून वीस वर्षं जाईल, पण तिला ओळखणारं माणूस लागतं. माझं काय, मी आता का-वे.

का-वे म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. काहीतरी म्हातारपणाची चेष्टा असावी.

९ एप्रिल

पुरस्काराच्या कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाई फार सौजन्यानं बोलल्या. सातव्या रकान्यात पदवीधरांचीच नावं चालतात. कार्यशाळेची मदत नवव्या रकान्यात, 'साधने' या शीर्षकाखाली. मी संगणकावर तसं भरून बघितलं. छापून आलं ते असं:

निर्वात भट्टी (१)
वर्णपटमापी (२)
काचकारागीर (१)

मी तो कागद फाडणार होते, पण हेर थीडे यांनीच बघितला. छपाईचं यंत्र तळघराबाहेरच्या बोळात आहे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तीनदा वाचला. "भट्टीच्या नंतर लावलंत," म्हणाले. "बरोबर आहे. ती जास्त तापते." आणि हसत आत गेले. मला हसू आलं नाही.

१३ एप्रिल

प्रोफेसर ब्रेडो यांच्याकडे अर्ज नेला. सातव्या रकान्यात लिहिलं होतं: राडलोफ ५५, थीडे ४५.

बाईंनी तो मेजावर पालथा ठेवला. म्हणाल्या, साठच्या खालचा अर्ज हे मंडळ वाचतच नाही. तुम्हाला राहायचंय ना इथे?

मी म्हणाले, राहायचंय, पण खोटं लिहून नाही. माझा आवाज चढला होता. पंचावन्नसुद्धा मला जास्त वाटतात, म्हणाले.

"बसा," बाई म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. "प्रश्न थीडेंचा. नळीही थीडेंची. मोजलं कुणी?"

मी.

"नळीच्या उजेडातली हायड्रोजनची लाल रेषा अकरा महिने, दर सहा तासांनी?"

मीच.

"चौघांना तोच प्रश्न विचारला गेला, फ्राउ राडलोफ. तिघांनी सोडून दिला. एकीनं वहीत उतरवला आणि मोजायला बसली. त्याचे टक्के कशातून वजा करताय? नम्रतेपायी लिहिलेला चुकीचा आकडाही चुकीचाच. तो मी पुढे पाठवणार नाही. जा, बरोबर आकडा घेऊन या."

म्हणजे त्यांना त्या प्रश्नाबद्दल माहीत होतं. एन्नोनं सांगितलं असेल.

१५ एप्रिल

अर्ज गेला. सातव्या रकान्यात शेवटी असं लिहिलं:

मोजमाप, कारण आणि सिद्धता: डॉ. इन्का राडलोफ, १००.
प्रश्न आणि नळी: व्हिल्को थीडे, काचकारागीर, १००.

खाली छापलेलं 'एकूण: १००' खोडून २०० केलं. दोघांपैकी एकाचाही टक्का कमी केला तर नळी पेटत नाही. मग बेरीज तेवढीच होते. बाईंनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, टोपण काढून सही केली. "ही चूक आहे," म्हणाल्या, पण मला वाटतं त्या रागावल्या नव्हत्या.

आता हे मिळत नाही. पण आज झोप छान लागेल.

९ मे

काही बातमी नाही. सगळीकडे शतावरीच शतावरी, तिच्या भाजीचा हंगाम. आईनं दोन जुड्या पाठवल्या, उकडून लोण्याबरोबर खाल्ल्या. कारखान्याला अर्ज पाठवून दिला.

१९ मे

का-वे म्हणजे काय ते कळलं.

पुढच्या वर्षाचा पदांचा आराखडा सूचनाफलकावर लागला. तो मी कधी वाचत नाही. आज जिन्याशी गर्दी होती म्हणून थांबले. 'काच कार्यशाळा, १ पद' या ओळीपुढे दोन छोटी अक्षरं होती: kw, जर्मनमध्ये वाचताना 'का-वे'. एन्नोला विचारलं. 'पुढे रद्द', असा त्याचा अर्थ. माणूस निवृत्त झाला की पद मिटतं. एकतीस जुलैला कार्यशाळेला कुलूप, लेथ आणि भट्टी विकायच्या, नळ्या बाहेरून मागवायच्या. तुला माहीत नव्हतं? एन्नो म्हणाला, दोन वर्षं झाली.

हायड्रोजन कोण मागवणार. लेथचा पट्टा. भट्टीला ओळखणारं माणूस. तो माणूस मला दोन महिने एकच गोष्ट सांगत होता, आणि मी त्याला टक्के देत होते.

तडक बाईंकडे गेले. हे तुम्ही होऊ कसं देता, असं विचारलं. कसं बोलले ते आठवून आता कान गरम होतात. त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि माझ्यापुढे उघडली. व्यवस्थापनाला लिहिलेली पत्रं, सात. पहिलं तीन वर्षांपूर्वीचं. सातही नकार त्यामागे टाचलेले. सगळ्यात वर थ्युरिंगियातल्या कुणा फ्राउ मात्तेर्नचा नोकरीचा अर्ज होता: क्वार्ट्झचं काम, सोळा वर्षांचा अनुभव. पद नसताना आलेला अर्ज बाईंनी का जपून ठेवला होता, कोण जाणे.

"पदं माझ्या हातात नाहीत," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात होतं ते मी मार्चमध्ये केलं."

याचा अर्थ मला नीट लागला नाही. मी माफी मागून आले.

२२ जून

मिळाला.

पत्र सकाळी आलं. दोनदा वाचलं, मग एन्नोला वाचायला लावलं. त्यानं फसफसती वाइन आणली, कागदी पेल्यांतून प्यायलो. बाबांना पुलावर फोन केला. मागे कुणीतरी भोंगा वाजवत होतं. मग म्हणाले, थांब, जहाज थांबवलंय मी, सोडतो आणि बोलतो.

हेर थीडे दुसऱ्या मजल्यावर आले. त्यांना इथे वर मी कधी पाहिलं नव्हतं. हात मिळवला, "फ्राउ डॉक्टर," म्हणाले, आणि खाली गेले. त्यांचा हात अजून गरम होता, ज्योतीपासून आल्यासारखा.

दुपारी पत्राची दुसरी बाजू वाचली. 'सातव्या रकान्यातील बेरजेची चूक कार्यालयाने दुरुस्त केली आहे.' सोबत प्रत. माझ्यापुढचे शंभर तसेच. थीडेंची ओळ पट्टी लावून सरळ रेषेत खोडलेली, आणि नवव्या रकान्यात, भट्टीखाली, '(१)'.

२३ जून

बाईंना म्हणाले, मी पुरस्कार नाकारते.

"नाकारा," त्या म्हणाल्या. "मग तो ज्यानं अठ्ठ्याण्णव लिहिलेत त्याला जाईल. त्यानं थीडेंचं काय भलं होणार आहे?"

मी पत्राची घडी घातली.

"पुरस्कारात काय काय मिळतं ते पुन्हा वाचा. शेवटपर्यंत वाचा."

वाचलंय म्हणाले. मानपत्र, प्रयोगशाळा, एक माणूस. सगळं मला पाठ आहे.

४ जुलै

काल ल्यूबेकला समारंभ झाला. हेर थीडे आले नाहीत. भट्टीत नळी आहे, मध्येच काढता येत नाही, म्हणाले. मला वीस मिनिटं बोलायचं होतं. मी चौसष्ट क्रमांकाची बहीण, पासष्टवी नळी, बरोबर नेली होती. दिवे मालवायला सांगितले आणि ती पेटवली. सभागृहात गर्द जांभळा उजेड पडला. मग मी ठरवलेलं सोडून दिलं आणि त्या प्रश्नाची गोष्ट सांगितली, विचारणाऱ्याच्या नावानिशी. तिघांनी सोडून दिला तेही सांगितलं, त्यांची नावं न घेता. पहिल्या रांगेत कार्यालयातल्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या.

संपल्यावर लोक पुढे आले. तरुण सगळे प्लाझ्माकडे बघत होते. एक फार म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, चष्मा काढला आणि नळीच्या टोकाशी इतके वाकले की नाक काचेला लागेल. प्लाझ्माकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जोड शोधत होते. त्यांना तो सापडला नाही.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

थीडे, मी म्हणाले.

"त्यांच्या हाताखाली कोण शिकतंय?"

कुणी नाही, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच दिवा विझवला. मग ते कॉफीकडे गेले.

मानपत्र सुंदर आहे. माझं नाव उठावाच्या अक्षरांत. गाडीत मांडीवर घेऊन बसले होते. आनंद झाला नाही असं नाही. खूप झाला. पण सारखं ते म्हातारे गृहस्थ डोळ्यांपुढे येत होते.

१३ जुलै

माझ्या गटासाठी सतरा अर्ज आलेत. सगळे हुशार, सगळ्यांना पीएचडी करायची. एक मुलगी तर इतकी चांगली की तिला नाही म्हणायचं तर जिवावर येईल. एन्नो म्हणतो, डोळे मिटून तिला घे, तीन वर्षांत चार लेख होतील आणि तुला प्राध्यापकी.

सकाळी दात घासताना एकाएकी मनात आलं, की नियमांत 'एक माणूस' एवढंच आहे. 'एक संशोधक' कुठेही नाही. तोंडात फेस घेऊनच कागद शोधला. खरंच नाही. इतके दिवस हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

दुपारी थ्युरिंगियाला फोन केला. फ्राउ मात्तेर्नचा आवाज सर्दी झाल्यासारखा खरखरीत आहे. तीन वर्षांचंच काम आहे, पुढचं काही सांगता येत नाही, हे मी आधीच सांगितलं. तिनं भट्टीचा प्रकार विचारला, मग लेथ किती लांबीचं ते विचारलं. मग म्हणाली, थीडे तेव्हा असतील का? असले तर मी लगेच येते.

त्या हुशार मुलीला मी स्वतः पत्र लिहिलं. ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

१४ जुलै

नेमणुकीच्या अर्जावर 'पद' या शब्दापुढे 'संशोधक' हे आधीच छापलेलं असतं. मी ते खोडून 'काचकारागीर' लिहिलं, रुजू होण्याची तारीख वीस जुलै घातली, म्हणजे हेर थीडे यांच्याबरोबर तिला दहा दिवस तरी मिळतील. प्रयोगशाळा म्हणून तळघरातली कार्यशाळाच मागितली, म्हणजे लेथ आणि भट्टी विकता येणार नाहीत. मोजमाप मला एकटीनं करावं लागेल, तीन वर्षं. लेख चार होणार नाहीत, कदाचित दोन.

बाईंची सही हवी होती. मी सगळी कारणं तयार करून गेले होते, वादाचीसुद्धा. त्यांनी अर्ज वाचलाच नाही. पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलेलं होतं. सही केली आणि कागद परत दिला. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीवर न वाचता सही करणं मला बरोबर वाटलं नाही.

सव्वानऊला अर्ज संस्थेच्या कार्यालयात दिला आणि पोच घेतली.